गोजराबाईनं पदराआडून विचारलेला प्रश्न

बोला — विठ्ठल!

अहो, एवढंच? मघाशी पंगतीत 'इकडे वरण, इकडे वरण' म्हणताना मांडवाचे पत्रे हलत होते, आणि देवाच्या नावाला घशात भात अडकला का? पुन्हा एकदा — विठ्ठल! हां! आता त्यालाही कळलं, मंडळी आली म्हणून.

तर ऐका. आज मी एक प्रश्न घेऊन उभी आहे. जो माणूस आपलं नाव झाकून बोलतो, तो चोर की साव? तोंडावर पदर घेऊन जी बाई विचारते, ती लबाड की शहाणी? सांगा बरं! …आबा मान हलवतायत. 'चोर' म्हणतात. 'ज्याच्या पोटात काळं नाही, त्यानं झाकायचं कशाला?' असंच ना, आबा? बरोबर! सगळे असंच म्हणतात. मग आबा, मला एक सांगा — काल आमच्या घरी चहाला आलात, तेव्हा तुमच्या सुनेचा फोन आला. तुम्ही उठून अंगणात जाऊन का बोललात?

हसू नका! आबा चोर नाहीत. आबा देवमाणूस आहेत. पण देवमाणसालाही अंगण लागतं!

घरी म्हणाले, 'अगं, दहावीची पोर तू, कीर्तनात इंटरनेट काय आणतेस? लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, लोकांच्या खिशात तेच आहे, मग कीर्तनात का नको? देव टाळात असतो आणि मोबाईलमध्ये नसतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मृदंगवाले काका, जरा ठेका धरा. आख्यान लावते.

तापीच्या काठी एक गाव. नाव? नाही सांगत! सांगितलं तर उद्या सकाळी निम्मं गाव डबे घेऊन तिकडे मांडे खायला जाईल, आणि काल्याला इथं मी आणि पेटीवाले दादा दोघंच उरू.

त्या गावात गोजराबाई. पन्नाशी ओलांडलेली, आवाज असा की देवळात भजन म्हणाली तर नदीपलीकडचा गुराखी ताल धरायचा. मालक वारलेले. मुलगा तालुक्याला ट्रॅक्टरच्या दुकानात, घरी सून प्रतिभा, आणि प्रतिभाला दिवस गेलेले. गोजराबाईच्या हाताला दोन कामं. एक टाळ. दुसरं — मांडे!

आता तुम्हा खानदेशातल्या लोकांना मांडे काय सांगायचे? पण यंदा सप्त्याला घाटावरचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगते. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला तो लुसलुशीत उंडा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायचा. पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत! पोळपाट नाही, लाटणं नाही. हात हाच पोळपाट! आणि मग एका झोकात — सप्प! — खापरावर. पाहुणे, लाळ गिळा. आज प्रसादाला बुंदी आहे.

लग्न असो, वास्तुशांत असो, पाच कोसांतून बोलावणं यायचं, 'गोजराबाईलाच आणा.' तिच्या हाताखाली चार बाया. त्यात पहिली दगूबाई. गोजराबाईची बाळपणीची मैत्रीण. जीभ अशी की अडकित्ता बरा! दोघी दिवसभर भांडायच्या आणि एकीला ताप आला की दुसरी जेवायची नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. गोजराबाई अभंग रचायची. स्वतःचे! आणि रिवाजाप्रमाणे शेवटी आपलं नाव गुंफायची — गोजरा म्हणे. ही सवय इतकी हाडात मुरली की बाईचं साधं बोलणंही तिथंच जाऊन संपायचं. दूधवाल्याला निरोप काय? 'दुधाचे ते पाणी, पाहे चक्रपाणी, गोजरा म्हणे!' दूधवाला बिचारा त्या दिवसापासून निम्मंच पाणी घालायला लागला.

मग झालं काय?

एका लग्नात मांड्यांचा रगाडा. चूल धडधडलेली. बाया घामानं निथळलेल्या. गोजराबाईचा हात खापराच्या काठाला टेकलेला, आणि ती गाणं म्हणतेय. तेवढ्यात दगूबाईच्या नाकाला वास आला.

"व माय! गोजरे! हात!"

"काय झालं हाताला?"

"जळतोय की गं! काढ आधी!"

गोजराबाईनं खाली पाहिलं. मनगटाजवळची कातडी भाजून निघाली होती. हा एवढा फोड! आणि तिला — काही नाही. मुंगी चावल्याइतकंसुद्धा नाही!

झालं! बायांनी हातच जोडले. 'देवीचा हात आहे!' 'अग्नी शिवत नाही हिला!' नवरीची आजी तर पाया पडायला वाकली. दगूबाई तेवढी पुटपुटली, "देवीच्या हाताला फोड कसा गं येतो मग?" पण लग्नातल्या बँडबाज्यात ते कोण ऐकणार?

मंडळी, सगळे हात जोडत होते तेव्हा गोजराबाई तो हात पदरात लपवत होती. कारण तिला एक गोष्ट माहीत होती, जी कुणालाच माहीत नव्हती. त्याच हाताला, कोपराच्या खाली, बांगड्यांच्या वर, एक डाग होता. तांबूस, फिकट. बरेच महिने झाले होते. खाजत नव्हता, दुखत नव्हता. घरी येऊन तिनं गोधडीची सुई घेतली, कडी लावली, आणि त्या डागात टोचली. रक्ताचा थेंब आला. दुखणं आलं नाही.

तिला लहानपणीची एक बाई आठवली. गावानं नदीकाठच्या झोपडीत ठेवलेली. लांबूनच भाकरी टाकायचे. पोरं ओरडायची तो शब्द आठवला — महारोग! आणि तिनं पदर खाली ओढून डाग झाकला.

कोणाला विचारणार? सांगा ना! गावात आरोग्यसेविका होती, पण ती दगूबाईची सख्खी सून. तिला सांगायचं म्हणजे दगूबाईला सांगायचं, आणि दगूबाईला सांगायचं म्हणजे दवंडी! तालुक्याच्या दवाखान्यात जावं, तर एसटीत गाव अर्धं ओळखीचं. 'कुठं निघालात? काय झालं? कुठं दुखतं?' आपल्याकडे माणूस आजारी पडण्याआधी चौकशीनंच दमतो!

आणि हात गेला तर? मांडे तर हातावरच होतात हो! डाग असलेल्या हातावरचा मांडा कोण खाईल? घरात उद्या बाळ येणार. सून ते बाळ सासूच्या मांडीवर देईल का? एका डागापायी बाईची चूल, तिचे टाळ, तिचं नातवंड — सगळं टांगणीला लागलं.

तुम्ही म्हणाल, मोबाईल होता ना घरात? त्यात शोधायचं! अहो, होता. पण तो मोबाईल म्हणजे घरचा माठ. येईल त्यानं बुडवावा. मागे एकदा गोजराबाईनं त्यात फक्त 'गुडघेदुखी' एवढं शोधलं होतं. त्यानंतर महिनाभर मोबाईल उघडला की तेल! मलम! पट्टा! मुलगा क्रिकेट बघायला बसला तरी मध्येच एक आजोबा येऊन गुडघा चोळायचे. मुलगा ओरडायचा, "आई, तुझा गुडघा आला गं!" सगळं घर हसायचं. तीही हसायची. पण आता? त्या मोबाईलमध्ये 'महारोग' हा शब्द टाकला आणि उद्या सुनेसमोर तीच जाहिरात नाचली तर?

बघा मंडळी! भिंतीला कान असतात असं आपण म्हणायचो. आता भिंतीला तोंडही फुटलंय!

पण देवाचं कसं असतं? तो एकदम रथ घेऊन येत नाही. तो वाचनालयातून येतो! गावच्या वाचनालयात सुलभाताई महाजन ग्रंथपाल होत्या. त्यांनी दुपारचा बायांसाठी वर्ग काढला, 'चला, इंटरनेट शिकूया.' पहिल्या दिवशी बाया माऊसला हात लावायला घाबरल्या. चौथ्या दिवशी भांडत होत्या, 'ऊठ, आता माझी पाळी!' त्यात गोजराबाई होती. आणि दगूबाई? ती तर गोजराबाई जाईल तिथं जाणारच. सावली तरी दुपारी लहान होते, दगूबाई नाही!

एक दिवस सुलभाताईंनी पडद्यावर एक नवीनच दार उघडलं. "बायांनो, हा टॉर ब्राउझर. याच्यातून इंटरनेटवर फिरलात तर समोरच्याला कळत नाही की कोण आलं, कुठल्या गावचं आलं. बंद केला की काय पाहिलं तेही हा विसरतो. तुमच्यानंतर मी त्याच यंत्रावर बसले तरी मला दिसणार नाही तुम्ही काय शोधलंत."

दगूबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे चोरांचंच काम की!"

सुलभाताई काय म्हणाल्या असतील? "दगूबाई, तुमच्या न्हाणीघराला दार आहे?"

"आहे की! नवीनच बसवलंय. पत्र्याचं."

"कडी लावता?"

"इश्श! मग काय उघडं ठेवू?"

"आत काय चोरी करता का?"

अख्खा वर्ग खो खो हसला! दगूबाईचं तोंड लाल. पण मुद्दा कळला ना? कडी चोरासाठीच नसते. कडी लाजेसाठी असते, दुखण्यासाठी असते, रडण्यासाठी असते. हां, कडी लावून कुणी आत जुगार खेळत असेल तर तो दोष कडीचा का? आणि पदराआडून कुणी दगड मारत असेल, नाव लपवून दुसऱ्याला शिव्या लिहीत असेल — आहेत तसे बहाद्दर, आपल्याही गावात आहेत, मागच्या खांबाला टेकून बसलेत — तर त्यांनी आज हे आख्यान स्वतःच्या बाजूनं लावून घ्यायचं नाही!

गोजराबाईनं हळूच विचारलं, "ताई, हे चालतं कसं?"

"असं समजा," सुलभाताई म्हणाल्या, "तुम्हाला एक चिठ्ठी पाठवायची आहे, पण कुणाला कळू द्यायची नाही. ती तीन पाकिटांत घालायची, एकात एक. वरचं पाकीट पहिला माणूस फोडतो. त्याला कळतं चिठ्ठी कोणी दिली, पण आत काय ते कळत नाही. तो देतो दुसऱ्याला. दुसऱ्याला ना देणारा ठाऊक, ना मजकूर. तो देतो तिसऱ्याला. तिसरा चिठ्ठी पोचवतो, पण ती मुळात आली कुणाकडून हे त्याला ठाऊक नाही. हे तिघं असतात जगाच्या तीन टोकांना. म्हणून हा ब्राउझर जरा सावकाश चालतो, बरं का. तीन गावं फिरून यायचं असतं त्याला."

"आणि पैसे?" दगूबाई. ती कुठं सोडते?

"फुकट. याची रचनाही उघडी आहे. ज्याला समजतं त्यानं तपासून पाहावी. ती मधली यंत्रं जगभरची साधी माणसं, संस्था, आपल्या खर्चानं चालू ठेवतात. का? तर कुणाला तरी लागेल म्हणून."

मंडळी, मला सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई असते. रांजण भरून, ओलं फडकं गुंडाळून कुणीतरी ठेवतं. पाणी पिणाऱ्याला तो विचारतो का, नाव काय, गाव काय, जात काय, तहान कशानं लागली? विचारलं तर ती पाणपोई नव्हे, पोलीस चौकी! तहानलेल्याचं नाव न विचारणं हाच तर धर्म. मग तो रांजण मातीचा असो, नाहीतर विजेचा!

शेवटी सुलभाताईंनी बोट वर केलं. "एक मात्र नीट ऐका. शंभर टक्के कवच जगात कशालाच नसतं. आणि हे यंत्र तुमचा पत्ता झाकेल, पण तुमचं तोंड झाकणार नाही. तुम्हीच आपलं नाव लिहून बसलात, तर ब्रह्मदेवसुद्धा काही करू शकत नाही!"

"कळलं, ताई," गोजराबाई म्हणाली. कळलं! लक्षात ठेवा, ती म्हणाली — कळलं!

महिनाभर मन घट्ट करत राहिली, आणि एका दुपारी गोजराबाई एकटी वाचनालयात. उन्हं तापलेली, पंखा कुरकुरतोय, सुलभाताई पलीकडच्या खोलीत पुस्तकांना पुठ्ठे घालतायत. तिनं कोपऱ्यातलं यंत्र निवडलं, टॉर उघडला. तो फिरला, फिरला, सावकाश उघडला. तिनं मराठीतली एक जागा शोधली, तिथं डॉक्टर लोकांना उत्तरं देत. नाव मागत नव्हते, फोन मागत नव्हते. प्रश्न लिहा आणि जा.

एका बोटानं ती टाइप करायला लागली. आणि मंडळी, बाईचं काळीज भरून आलेलं. इतक्या महिन्यांचं दुखणं पहिल्यांदा बाहेर येतंय. ते साध्या वाक्यात येईल का? ते आपसूक अभंगात आलं! पेटीवाले दादा, जरा हलका सूर —

*हात माझा होता। परका तो झाला।*
*चटका लागला। कळेचि ना॥*

*तांबूस हा डाग। सुई टोचे त्यात।*
*उमटेना आत। वेदना ती॥*

*महारोग का हा। आला माझ्या दारी।*
*कोण माझ्या घरी। जेवील गा॥*

*गोजरा म्हणे हो। खरे ते सांगावे।*
*खापर सोडावे। की धरू मी॥*

आणि तिनं बटण दाबलं!

…काही जण हसले. त्यांना कळलं! बाकीच्यांनो, काय लिहिलं तिनं शेवटच्या कडव्यात? गोजरा म्हणे! अहो, तीन देशांतून फिरवून आणलं, पाकिटात पाकीट घातलं, पत्ता पुसला, वाट पुसली, आणि शेवटी दारावर आपल्याच नावाची पाटी ठोकली! आणि नाव तरी काय? शांताबाई असतं तर जिल्ह्यात हजार मिळाल्या असत्या. गोजरा! तीही खापरवाली! तापीकाठी दुसरी आहे का?

पडद्यावर तो अभंग उमटलेला तिनं वाचला. पहिल्या ओळीला डोळे भरले. शेवटच्या कडव्यात आपलंच नाव दिसलं. पुसायला गेली, पुसता येईना. जिथं नावच दिलं नाही, तिथं 'हे माझं आहे, काढा' असं म्हणणार तरी कसं? नाव झाकायचं ते झाकलं नाही, आणि झाकलं तिथं आता उघडता येईना!

ती घरी आली. प्रतिभा म्हणाली, "आई, चेहरा का उतरलाय?" ती म्हणाली, "ऊन लागलं." तो दिवस गेला, दुसरा गेला. रस्त्यात कुणी मोबाईलमध्ये मान घालून हसलं की हिला वाटायचं, माझाच अभंग वाचतोय. देवळात कुणी लांब बसलं की वाटायचं, कळलं यांना. प्रतिभानं ताट वेगळं ठेवलं तर काळीज हललं, आणि ते होतं मांजरासाठी!

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चपला वाजल्या. दगूबाई! दार ढकलून आत. प्रतिभा विहिरीवर गेलेली. दगूबाईनं कडी लावली, आणि एकच वाक्य —

"गोजरे, तो अभंग तुझाच ना?"

काय झालं असेल हो त्या माउलीचं! भिंतीला टेकली. पदर सावरला, हात आत ओढला. "कोणाकोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू?"

"तुझ्या सुनेला. खापरावरच्या बायांना. तुझं पोट आहे का ते, रांजणाला भोक आहे!"

"बोल, बोल. अजून बोल," दगूबाई खाली बसली. आज तिच्या जिभेला धार नव्हती. "उत्तर वाचलंस का? डॉक्टरीणबाईनं लिहिलंय. नुसत्या शब्दांवरून नक्की सांगता येत नाही, तपासून घ्या, पण खुणा त्याच दिसतात. आणि लिहिलंय, हा रोग बरा होतो! सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट. काही महिने घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायचं भय राहत नाही. सोबत जेवल्यानं तर हा लागतच नाही म्हणे."

गोजराबाई ऐकत राहिली. बरा होतो! नदीकाठच्या त्या बाईला हे कोणी सांगितलं असतं तर!

"त्याच्याखाली आणखी एक प्रश्न होता," दगूबाई म्हणाली. "तो वाचलास?"

"नाही. मी पुन्हा गेलेच नाही तिकडे. पाय उचलेना."

"त्यात लिहिलंय — माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो पाय सुजल्यावर दिसला, मोडताना कळला नाही. पायावर डाग आहे. मी कोणाला सांगू?"

"अरे देवा! कोण गं ती बिचारी?"

दगूबाईनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. टाचेला चिंधी गुंडाळलेली. त्याच्या वर, पोटरीला, तोच — तांबूस डाग!

"मीच ती बिचारी. महिनाभर झाला, रोज त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर जाऊन बघतेय कुणी असं काही विचारतंय का. सुलभाताईला म्हणते, रेसिप्या बघते. आणि मी नाव नाही टाकलं! मी काय तुझ्यासारखी येडी आहे?"

वर्गात 'चोरांचंच काम' म्हणणारी दगूबाई! पहिली कडी तिनंच लावली होती!

दोघी जवळ सरकल्या. मग गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दगे, माझ्यामुळे तर नाही ना लागलं तुला? की तुझ्यामुळे मला?"

"ते त्या वरच्याला माहीत. म्हणजे यातसुद्धा तुला माझ्या आधीचा नंबर पाहिजे!"

आणि मंडळी, त्या घरात, कडी लावलेल्या दाराआड, दोन बाया अशा हसल्या, अशा हसल्या, की विहिरीवरून येणारी प्रतिभा हंडा घेऊन दारातच थांबली!

मग दोघी गेल्या तालुक्याला. एसटीत कोणी विचारलं, 'कुठं निघालात?' दगूबाई म्हणाली, "पळून चाललोय!" डॉक्टरांनी तपासलं. रोग तोच निघाला, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, रोग जाईल, पण जिथली जाणीव गेली ती परत येईलच असं नाही, तेव्हा हात डोळ्यांनी सांभाळा.

गोजराबाईनं मग मांडे करणाऱ्या बायांना स्वतःच बोलावलं आणि स्वतःच सांगितलं. कुणी पकडलं म्हणून नाही, तिला सांगावंसं वाटलं म्हणून! सगळं लगेच गोड झालं का? नाही. तसं सांगितलं तर ते कीर्तन नव्हे, जाहिरात! एक बाई उठून गेली ती परत आली नाही. दोन लग्नांची बोलावणी थांबली. पण बाकीच्या राहिल्या. डॉक्टरांना विचारून आल्या आणि राहिल्या. आजही चूल पेटली की गोजराबाई मांडा झेलते, आणि दगूबाई शेजारी बसून तिच्या हातावर डोळा ठेवते. खापराच्या जवळ गेला की ओरडते, "हात!" आणि शेतवाटेनं चालताना दगूबाई पुढं आणि गोजराबाई मागं, तिच्या पावलांवर नजर. काटा दिसला की, "पाय!" एकीचं दुखणं दुसरीला कळतं. याहून मोठी भक्ती मला तरी माहीत नाही!

आणि प्रतिभा? गोजराबाईनं तिलाही समोर बसवून सगळं सांगितलं. घाबरत, चाचरत. प्रतिभानं तो हात हातात घेतला. म्हणाली, "आई, बाळ झाल्यावर मालिश तुम्हीच करायची. तेल गरम आहे की नाही ते मी बघत जाईन." मग जरा घुटमळली. "आणि आई… मीपण जाते कधीमधी वाचनालयात. त्या कोपऱ्यातल्या यंत्रावर."

"तू? तू कशाला गं?"

"ते नाही सांगणार."

मंडळी! सासू आहे ती! घरची मोठी. जिभेवर प्रश्न आला — काय लपवतेस? कोणाशी बोलतेस? माहेरचं काही? दुखतं का कुठं? ओठांपर्यंत आला सगळा ढीग… आणि गोजराबाईनं तो गिळला. सुनेच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, "नको सांगूस. सांगावंसं वाटलं, तर मी इथंच आहे."

त्या क्षणी, माई-बाप हो, त्या घरात खरा देव आला!

आता माझा प्रश्न तुम्हालाच. इथं बसलेल्यांपैकी कोण कोण सुनेचा मोबाईल उघडून बघतं? हात वर! …कोणीच नाही? बरं. मुलीच्या हातात मोबाईल दिसला की 'आण इकडे, काय बघतेस?' कोण म्हणतं? …आई, तू हात वर केलास ना, तो खाली कर, लोक बघतायत!

सुरुवातीला मी विचारलं होतं, जो नाव झाकतो तो चोर की साव. अहो, त्याला विचारूच नका! स्वतःला विचारा. गोजराबाईला तिच्या हाताचं दुखणं जगाच्या टोकाला जाऊन, तीन अनोळखी दारं ठोठावून का विचारावं लागलं? शेजारची भिंत जवळ होती ना! सून घरात होती, मैत्रीण दारात होती! पण आपण ऐकणारे असे आहोत, की ऐकायच्या आधी पंचायत भरवतो. लोक आपल्याला भिऊन पदर घेतात, आणि आपण त्यांनाच विचारतो, 'काय गं, तोंड का झाकतेस?'

ती फुकटची पाणपोई राहू दे. ज्याला लागेल त्यानं तिथं जावं, निर्धास्त जावं. कुणाचा पदर ओढायचा नाही, तो ज्याचा त्यानं घ्यावा आणि ज्याचा त्यानं बाजूला करावा. पण आपणही एक करूया. आज घरी गेल्यावर घरातलं कुणी काही सांगायला आलं, आणि सांगता सांगता मध्येच थांबलं, तर 'पुढं काय?' म्हणून मागं लागायचं नाही. शेजारी बसायचं. चहा ठेवायचा. वाट बघायची.

जमेल? आबा, जमेल? …आबा हो म्हणाले! मग कसलं दुःख! टाळ उचला, माउल्यांनो, आवाज असा येऊ द्या की कडी लावून एकटं बसलेल्या माणसालासुद्धा वाटावं, बाहेर आपलीच माणसं आहेत. बोला — विठ्ठल, विठ्ठल!